घरचा अंपायर

नवजीवन क्रिकेट क्लबला यंदाच्याएवढा चांगला हंगाम कधी लाभला नव्हता. साखळीतले सहा सामने जिंकले, एक हरला आणि एक झालाच नाही, कारण त्या रविवारी मैदान फुटबॉलवाल्यांनी आधीच धरलं होतं. शिवाजी पेठेत फुटबॉलवाल्यांना मैदानातून उठवायच्या फंदात कुणी पडत नाही. क्रिकेट खेळणारा तिथं पेठेतलाच असला तरी पाहुणा समजला जातो. तरीही नवजीवननं सी गटातून बी गटात मजल मारली. शार्दूल या तेवीस वर्षांच्या पोरानं शेवटच्या षटकांत हाणामारी करून तीन सामने काढून दिले. पण डावाचा पाया घातला तो दोन जुन्या माणसांनी, आकारामनं आणि नृसिंहनं. हंगाम संपला तेव्हा सर्वाधिक धावा नृसिंहच्या नावावर होत्या. आकाराम एका धावेनं मागं राहिला होता.

ती एक धाव नृसिंहच्या घशात अडकली होती.

आकाराम कळंब्याचा. घरी म्हशी, दुधाचा धंदा, वय पन्नाशीला टेकलेलं. पहाटे धारा काढायच्या, पेठेत रतीब घालायचे आणि रविवारी रिकाम्या किटल्या मैदानाच्या कुंपणाला टेकवून तिथंच पॅड बांधायचे, हा त्याचा कित्येक वर्षांचा क्रम. नृसिंह दहा-बारा वर्षांनी लहान. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो तपासनीस होता. ओतून आलेला भाग साखळीला टांगायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर पुढं जाऊ द्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे असं समजून बाजूला काढायचा. त्याच्या कानावर फौंड्रीत कुणी वाद घालत नसे. क्लबातही त्याच्या शब्दाला तसंच वजन होतं.

पेठेतल्या तालमीच्या मागच्या खोलीत क्लबचं सामान असतं. तिथं भिंतीवर एक लाकडी फळा आहे. दर हंगामात सर्वाधिक धावा करणाऱ्याचं नाव पेंटर त्यावर रंगवून जातो. बक्षीस म्हणाल तर एवढंच. फळ्यावर आकारामचं नाव नऊ वेळा होतं, नृसिंहचं एकदाही नव्हतं. तीन वेळा तो दुसरा आला होता, आणि दुसऱ्याचं नाव कुणी रंगवत नाही.

शेवटच्या सामन्यात नृसिंह लवकर बाद झाला. स्लिपमध्ये झेल देऊन तो सावलीत येऊन बसला, पॅड सोडले आणि पाणी प्यायच्या आधी त्यानं मोबाईल उघडला. हल्ली सामन्याचे गुण मोबाईलवरच मांडतात. कुणाच्या किती धावा, सरासरी किती, चेंडू किती खेळले, सगळं त्यात दिसतं. नृसिंहनं हंगामाची यादी काढली. आकाराम खेळपट्टीवर होता आणि त्याला पुढं जायला दोन धावा हव्या होत्या.

"नरसू, पाणी पिऊन जा की लगा अंपायरिंगला," कप्तान उदयसिंह ओरडला. उदयसिंहचा सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्यानं देण्याचा धंदा होता आणि स्लॅबवरून खाली ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा तसाच झाला होता. "त्या शार्दूलला पॅड बांधायचंय. किती येळ हुबा करालाइस?"

सी गटात तटस्थ पंच मिळत नाहीत. फलंदाजी करणाऱ्या संघानंच आपली दोन माणसं उभी करायची. जो बाद झाला, त्यानं पाणी प्यायचं आणि आधीच्याला मोकळं करायचं, अशी पद्धत. आणि या पद्धतीच्या पोटात आणखी एक पद्धत होती, ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती: घरचा अंपायर पायचीत देत नाही. धावबाद देतो, यष्टिचीत देतो, झेल तर सगळ्यांना दिसतोच. पण पायचीत देत नाही. दोन्ही संघ तसंच वागतात, त्यामुळं कुणाचं नुकसान होत नाही. गोलंदाज अपील करतो ते नुसतं घसा मोकळा करायला.

नृसिंह गोलंदाजाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मैदानामागच्या रस्त्यानं एक वरात चालली होती आणि बेंजो कानठळ्या बसवत होता. गोलंदाज धावत आला. चेंडू मॅटवर पडून झपकन आत वळला. आकारामची बॅट किंचित उशिरा खाली आली. नृसिंहला आधी 'टक्' असा सुका, बारीक आवाज ऐकू आला आणि मग पॅडवर 'थप्'. चेंडू बॅटच्या आतल्या कडेला लागून पॅडवर गेला होता. म्हणजे तो पायचीत नव्हताच, त्यात शंका नव्हती.

गोलंदाज सवयीनं ओरडला. कीपरनं तर हातसुद्धा वर केले नाहीत.

नृसिंहनं बोट वर केलं.

पुढं त्यानं स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं की बोट आपोआप गेलं, विचार नंतर आला. ते खरं नव्हतं. आवाज आणि बोट यांच्यामध्ये जागा होती. थोडीच होती, पण 'दोन धावा' एवढे शब्द मनात उमटायला ती पुरली होती.

आकाराम बॅटकडं बघत राहिला. मग त्यानं नृसिंहकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. अंधारात पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, असा तो गोंधळला होता. बॅट काखेत मारून तो चालू लागला. नृसिंहच्या शेजारून जाताना म्हणाला, "मला लागल्यागत वाटलं रं," आणि उत्तराची वाट न बघता गेला.

सामना नवजीवननंच जिंकला. शार्दूलनं दोन षटकं राखून तो संपवला. दुसऱ्या संघाचा कप्तान, गगनबावड्याकडचा एक धिप्पाड गडी, सगळ्यांच्या आधी नृसिंहकडं आला आणि त्यानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"पावणं, हितं खेळून माझं गुडघं गेलं, पर घरच्या अंपायरनं एलबी दिल्याली आज पयल्यांदा बघितली. असली माणसं ऱ्हायली न्हाइत."

नृसिंह हसला. त्या क्षणी सांगता आलं असतं. तो हसला आणि ती वेळ निघून गेली.

संध्याकाळपर्यंत उदयसिंहनं क्लबच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. आपला संघ अडचणीत असताना, आपल्याच माणसाला, खरं ते खरं म्हणून बाद देणारा अंपायर नवजीवनमध्ये आहे याचा अभिमान वगैरे. खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. नृसिंहच्या बायकोनं, अदितीनं, तो मजकूर लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला. "बघ, असं वागायचं असतं," ती म्हणाली. नृसिंह ताट उचलून स्वयंपाकघरात गेला आणि नळाखाली ते गरजेपेक्षा जास्त वेळ धूत राहिला.

पेंटर येऊन फळ्यावर नाव रंगवून गेला. शार्दूलनं त्याचा फोटो पाठवला. नृसिंहनं तो उघडला नाही.

काही दिवसांनी तो उदयसिंहच्या गोदामावर गेला, हंगाम संपल्यावर होणाऱ्या क्लबच्या मेळाव्याची वर्गणी द्यायची म्हणून. उदयसिंह प्लेटांच्या चळतीवर बसून वडापाव खात होता.

"बरं झालं आलास. मेळाव्यात तुझा सत्कार धरलाय. आणि आकारामदाचाबी. तो थांबालाय."

"थांबतोय म्हणजे?"

"म्हंजे सोडालाय की खेळायचं. पॅडबी देऊन टाकलीत शार्दूलला."

"का पण? यंदा एवढ्या धावा केल्या त्यांनी."

"मीबी त्येच म्हटलं. म्हणतोय, हात कळंना झालंत. कुणाला किती खेळवायचं ते वय ठरवतंय बाबा."

नृसिंहनं प्लेटेवरचा सिमेंटचा खपला नखानं काढला. "उदय, ती एलबी... मला वाटतं, चुकीची दिली मी."

उदयसिंह खाताखाता थांबला आणि मोठ्यानं हसला. "तू? आणि चुकीची? गप लगा. आकारामदा थांबालाय म्हणून तुला वाईट वाटालंय, एवढंच हाय. उगं मोठेपणा घेऊ नगंस. आदीच लई मोठा झालायस." आणि हात पुसत म्हणाला, "सत्काराला शर्ट जरा बरा घालून ये."

मेळाव्याच्या दिवशी दुपार कलल्यावर नृसिंहनं गाडी काढली आणि कळंब्याला गेला.

आकाराम गोठ्यात धार काढत बसला होता. चिमणाबाई, त्याची बायको, वैरण तोडत होती. "या भावजी," ती म्हणाली, "बरं झालं आलासा. तुमीच सांगा ह्यास्नी दोन शब्द. आमचं कोण ऐकतंय?"

"काय झालं?"

"काय व्हायचंय? चांगलं धडधाकट माणूस, आणि हात बगत बसालंय. परवा डाक्टरकडं गेल्तो. नसा का काय ते तपासून आणल्या. डाक्टर म्हणला कायबी न्हाय, पर ह्यास्नी पटंना."

"तू जा बघू आत," आकाराम म्हणाला. मग धार न थांबवता नृसिंहला म्हणाला, "बस त्या पाटीवर. पालथी हाय."

नृसिंह बसला नाही. "दादा, तुम्ही थांबताय म्हणे."

"व्हय."

"त्या एलबीमुळं?"

"एलबीत काय हाय? आयुष्यात काय कमी वेळा आऊट झालोय?" आकारामनं सडावरचा एक हात काढून समोर धरला. "ह्येजं हाय सगळं. त्या दिवशी मला बॅट लागल्याली कळाली, नरसू. नुसतं वाटलं न्हवं, कळाली. हातात झिणझिणी आली. आतली कड, अगदी हितं. आणि बघितलं तर तुझं बोट वर. मी म्हटलं, नरसू काय चुकायचा न्हाय. मग चुकलं कोण? हात चुकलं. जे झालंच न्हाय त्येबी हातास्नी कळाय लागलं, तर असल्या हातानं खेळायचं कसं? सकाळी धारंला बसलं तरी शंका येतीया. ह्यो सड मोकळा झाला, का मला तसं वाटालंय?"

"दादा, चूक माझी असेल. बेंजो वाजत होता. नीट ऐकू आलं नसेल मला."

आकारामनं मान हलवली आणि अगदी मायेनं म्हणाला, "भट्टीच्या धडधडाटात तुला केसाएवढी चीर ऐकू येतीया. बेंजोचं मला काय सांगतोस? मला बरं वाटावं म्हणून बोलालास, कळतंय की मला. पर नगं. तू दिलास ते बरोबर दिलास. मीच सगळ्यास्नी सांगालोय, पोरास्नी म्हटलं, नरसूकडनं शिका."

नृसिंहनं घरून निघताना ठरवलं होतं ते एवढंच होतं. चूक झाली म्हणायचं, माफी मागायची, आकारामला परत खेळायला लावायचं. चूक कुणाकडूनही होते; त्यात काही जात नाही. पण ती चूक कुणी त्याच्याकडून घ्यायलाच तयार नव्हतं. आता द्यायला दुसरं एकच काही शिल्लक होतं.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"बॅटचा आवाज. आधी बॅट, मग पॅड. आतली कड, तुम्ही म्हणताय तशीच. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी बोट वर केलं."

चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. म्हशीनं मान वळवून बघितलं.

आकाराम उठला. दोन्ही हात त्यानं चेहऱ्यासमोर धरले, मुठी मिटल्या, उघडल्या. मग एकदम गोठ्याच्या दाराकडं तोंड करून ओरडला, "चिमणे! ए चिमणे! ऐकलीस का? बॅट लागलीती! हात बरोबर हुतं! लागलीती की गं!"

तो हसत होता. लहान पोरासारखा, दुधानं ओले झालेले हात नाचवत हसत होता. चिमणाबाई धावत आली आणि काय झालं ते न कळताही त्याच्याबरोबर हसायला लागली. क्षणभर नृसिंहलाही वाटलं, झालं, संपलं, आपण उगाच एवढे दिवस घाबरलो.

मग आकारामचं हसणं हळूहळू विझलं.

"मग बोट का वर केलास?"

"तुम्हाला दोन धावा हव्या होत्या."

"कशाला?"

"माझ्या पुढं जायला. हंगामात."

आकारामच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याला खरोखरच समजत नव्हतं. "कोण मोजालंतं?"

नृसिंहला वाटलं होतं तो ओरडेल, शिव्या घालेल, चरवी फेकून मारेल. या प्रश्नाची त्यानं तयारी केली नव्हती. इतके दिवस त्यानं एक शर्यत मनात धरली होती, आणि त्या शर्यतीत दुसरा कुणी धावतच नव्हता.

"मी," तो म्हणाला. "मीच मोजत होतो."

आकाराम परत खाली बसला. म्हैस अर्धवट सोडता येत नाही. त्यानं धार पुरी केली, सावकाश. नृसिंह उभा राहिला. चिमणाबाई आता हसत नव्हती, तिनं एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि सवयीनं विचारलं, "च्या ठेवू?"

"नगं," आकाराम म्हणाला.

त्याच्या दारात आलेला माणूस चहा न घेता गेल्याचं नृसिंहनं कधी पाहिलं नव्हतं.

चरवी आत देऊन, हात धुऊन, शर्ट बदलून आकाराम बाहेर आला. "चल. मेळाव्याला जायचं न्हवं? तुझा सत्कार हाय."

"दादा, मी काय करू ते सांगा."

"मी काय सांगू? बोट वर करताना मला इचारलंतास?"

गाडीवर मागं बसताना नेहमी त्याचा एक हात नृसिंहच्या खांद्यावर असे. आज त्यानं मागची कडी धरली होती. कळंब्यापासून पेठेपर्यंत ती त्यानं सोडली नाही.

तालमीच्या मागच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. कोपऱ्यात मटणाचं पातेलं चुलीवर होतं. उदयसिंहच्या हातात माईक होता, आणि त्याला त्याची काही गरज नव्हती. सहा विजयांची उजळणी झाली. शार्दूलच्या षटकारांना शिट्ट्या पडल्या. "आता पयला नारळ," उदयसिंह म्हणाला, "आमच्या आकारामदाला. दादा, पुढं या. हा गडी आज थांबालाय..."

"मी थांबत न्हाय," आकाराम जागेवरूनच म्हणाला. "बी गटात खेळणार हाय. शार्दूल, पॅड आणून दे माघारी."

एकच कल्ला झाला. शार्दूल ओरडला, "दादा, आत्ताच तर नवीन पट्ट्या लावल्यात की!" "त्या ऱ्हाऊ देत तशाच," आकाराम म्हणाला, आणि हशा पिकला.

"आरं पर आठ दिस हात गेलं, हात गेलं म्हणालातास," उदयसिंह म्हणाला. "डाक्टरनं सुई मारली का काय?"

"डाक्टरनं न्हाय. ह्यानं बरं केलं." आकारामनं नृसिंहकडं बोट केलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा!" उदयसिंहला भरून आलं होतं. "ह्येला म्हणत्यात माणूस! घरच्या माणसाला एलबीबी देणार आणि समजूतबी हाच घालणार! नरसू, ऊठ. आण रं ती शाल."

"शाल जरा ऱ्हाऊ दे," आकाराम म्हणाला. "आदी त्याला बोलू दे."

एवढं बोलून तो पुढ्यातल्या पाण्याच्या तांब्याकडं बघत बसला. नृसिंहनं त्याच्याकडं पाहिलं. आकारामनं वर बघितलं नाही. आपण आत्ता आभार मानून खाली बसलो तर हा माणूस आज बोलणार नाही आणि उद्याही बोलणार नाही, पुढच्या हंगामात बॅटिंगला येईल, दुसऱ्या टोकाला उभा राहून आपल्याबरोबर धावा पळेल, आणि मागची कडी धरून गाडीवर बसेल. हे नृसिंहला तेव्हा लख्ख कळलं.

उदयसिंहनं माईक त्याच्या हातात दिला. मागच्या पोरांनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या.

"त्या दिवशी चेंडू बॅटला लागला होता," नृसिंह म्हणाला. "मला ऐकू आलं होतं."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्यांच्या थांबल्या, मागं दोघंतिघं वाजवतच होते, मग शेजाऱ्याकडं बघून तेही थांबले. शाल घेऊन आलेला शार्दूल मध्येच उभा राहिला. आकारामनं आता मान वर केली होती आणि तो वाट बघत होता, कारण का केलं ते नृसिंहनं अजून सांगितलं नव्हतं.